सांडलं मी, नाव पडलं तिला

"झाकणाचं रबर दर वेळी बसवा हं ताई. विसरलात तर सांडणार हा," असं दुकानदारानं मला विकतानाच आईला बजावलं होतं. आई "हो हो" म्हणाली खरी, पण तिचं लक्ष नाव कोरणाऱ्या मशीनकडे होतं. माझ्या झाकणावर तिच्या मुलीचं नाव उमटत होतं आणि "वेलांटी पहिली आहे, दुसरी नाही," हे ती तीन तीनदा सांगत होती. तिनं वेलांटीची काळजी केली, रबराची केली नाही.

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. कडेला पोचे पडलेत, एक कडी सैल झालीय. म्हातारे डबे सहसा गोड बोलतात म्हणे. मला मात्र राग आलाय, आणि तो आत ठेवण्याइतकं माझं झाकण घट्ट नाही.

कारखान्यात एका यंत्रानं पत्र्याच्या चकतीवर दणका मारून मला आकार दिला. आयुष्यातला मोठा दणका तोच, असं मला तेव्हा वाटलं. मग मी या घरी आलो. इथे मुलीचं नाव ठेवायला आईबाबांनी चार महिने घेतले होते. वहीभर नावं लिहून खोडली होती. उरलं ते माझ्या झाकणावर आलं, तेव्हा मी ते मिरवतच पहिल्यांदा शाळेत गेलो.

शाळेच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी आईला उशीर झाला. घासलेलं रबर खणात चमच्यांच्या मागे पडलं होतं. तिनं माझ्यात वाटाण्याचा रस्सा भरला, झाकण तसंच दाबलं आणि मला दप्तरात आडवं टाकलं. मी गळलो. वह्या भिजल्या. घाबरलेल्या मुलीनं मला नेऊन बाईंच्या टेबलावर ठेवलं, तर हजेरीवहीवरही पिवळा ओघळ गेला. बाई वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. "अगं सांडूबाई, काय केलंस हे," एवढंच म्हणाल्या. वर्ग हसला. झालं. चार महिन्यांचं नाव चार सेकंदांत पुसलं गेलं.

घरी ती रडत सांगायला लागली, तर बाबांनी हसून तिला उचलून घेतलं. "आमची सांडू गं ती." आईनं तोच किस्सा फोनवर तिच्या बहिणीला रंगवून सांगितला. आठवड्याभरात सगळ्यांच्या तोंडी तेच. सांडू ऊठ, सांडू जेव. "सांडू, पाणी आण बघू. आणि नावाला जागू नकोस हं."

ती नावाला जागली. पेला दोन्ही हातांत धरून, काठावर डोळे लावून पावलं मोजत यायची, आणि नेमकं त्यामुळेच पाणी हिंदकळायचं. मग बाबा म्हणायचे, बघा, मी म्हटलं नव्हतं? शाळेत हजेरीला तिचं खरं नाव आलं की ती गप्प. शेजारणीनं कोपर मारल्यावर "हजर" म्हणायची.

मित्रांनो, नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका टिंबाचा फरक आहे. वेलांटी तीनदा तपासणाऱ्या घराला ते टिंब दिसलं नाही.

आईनं माझ्यात पातळ काही देणंच बंद केलं. रोज मी रिकामा परत येई आणि ती खूश होई, संपवला बाई डबा सांडूनं. मला ओरडून सांगावंसं वाटे की पोरीच्या पोटात कण नाही. पण डब्याला कोण विचारतो?

महिन्याभरानं शाळेच्या मावशींनी आईला फाटकाशी गाठलं. तुमची मुलगी रोज नळामागच्या भिंतीपाशी डबा उलटा करते, तिथलं मांजर चांगलं गुबगुबीत झालंय, म्हणाल्या. आईला यातलं काहीच कळलं नव्हतं. रोज कपाळाला हात लावून ताप बघणारी, खोकल्याच्या आवाजावरून सर्दी ओळखणारी बाई ती.

घरी आल्यावर तिनं मुलीला मांडीवर घेतलं आणि विचारलं. मुलगी म्हणाली, "जेवायला लागले की सांडतं. मी सांडू आहे ना. एकदम ओतलं की सांडलं असं कुणी म्हणत नाही."

आई उठली. तिनं मला पाण्यानं भरलं, झाकण लावलं आणि मोरीत उलटं धरलं. धार लागली. तिनं खण उपसला. चमच्यांच्या मागे रबर होतं, अजून नव्यासारखं. ते बसवून तिनं मला पुन्हा भरलं, उलटं केलं. एक थेंब नाही.

"तू नाही गं सांडलंस," ती म्हणाली. "माझ्या हातून सांडलं. मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

मुलीनं माझ्या झाकणाला बोट लावून पाहिलं. "मग नाव मला का पडलं?"

दुसऱ्या दिवशी आई शाळेत गेली, तेव्हा बाई म्हणाल्या, अहो, लाडानं म्हणतो आम्ही. आई म्हणाली, "लाडाच्या नावानं मूल उपाशी राहत नाही. हजेरीत आहे तेच नाव घ्या." बाबांना तिनं त्याहून कडक शब्दांत सांगितलं. स्वतःच्या जिभेवर आलेला 'सां' मात्र तिला कितीतरी दिवस गिळावा लागला.

ती आता मोठी झालीय, पोटभर जेवते. मी फडताळात वर असतो, रबर लावून. पण अजून रस्त्यात कुणी सांडू म्हणालं, तर ती पहिल्या हाकेला वळते. स्वतःच्या नावाला दुसऱ्या.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुमच्या वर्गात असा कुणीतरी असेलच, ज्याचं खरं नाव तुम्हाला पटकन आठवत नाही. आज मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन बसा. डबा रिकामा झाला का, ते बघू नका. घास तोंडात जातोय का, ते बघा. आणि जाण्याआधी झाकणावरचं नाव वाचून घ्या.