मांडवापर्यंत ताणलेली शर्यत

खट् असा आवाज झाला आणि मला ओढत नेणारा दोर पोटाखालून सुटला. फार जुनी गोष्ट आहे. त्या दिवशी मी पहिल्यांदा हवेत एकटा राहिलो.

मी ग्लायडर. मला पंख आहेत, इंजिन नाही. उन्हानं तापलेली हवा जमिनीवरून उठते, तिच्यात गोल फिरत मी वर चढतो आणि मग घसरत पुढे निघतो. घारीचं असतं तसंच माझं.

चंद्रपूरजवळच्या आमच्या धावपट्टीवर माझी निगा देवाजीनं राखली. पंखांच्या भेगा भरल्या, पावसाळ्यात माझ्या पोटात घर करणाऱ्या गांधीलमाशा हाकलल्या. केस पिकल्यावर शर्यतीची वाट ठरवायचं काम त्याच्याकडे आलं. वाट आखूड झाली तर शर्यतीचा फेरफटका होतो. लांब झाली तर ऊन उतरतं, हवा बसते आणि माणसं कुठल्यातरी रानात उतरून पडतात. सगळ्यात कच्चा गडीही घरी परतला पाहिजे, हे धरूनच तो वाट आखायचा.

यंदा मला दिव्यानी उडवत होती. गुणांत ती दुसरी. शेवटचा दिवस चांगला गेला असता, तर देशाकडून उडायला तीच जाणार होती.

नेमकं त्याच दिवशी कुरखेड्याकडे देवाजीच्या भाचीचं लग्न. मुलीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं, आणि मामा इथं अडकलेला. बहीण मनकर्णा फोनवर रुसली. माझ्या पंखाला टेकून तो तिची समजूत घालत होता. शेवटी म्हणाला, "रडू नोको. मी नाई आलो तरी मांडवावरून विमानं धाडतो."

सकाळी त्यानं फळ्यावर वाट लिहिली. सिंदेवाही, मग वैनगंगेपलीकडे कुरखेडा आणि परत. उडणारी पोरं चुळबुळली.

"देवाजीभाऊ, लांब नाई होत का?" दिव्यानीनं विचारलं.

"जमते बाई," तो म्हणाला आणि फळ्याचं फडकं शोधू लागला. ते त्याच्या खांद्यावरच होतं.

जाताना जमलं. मांडवावर वळलो तेव्हा खाली डफडं वाजत होतं, माणसं हात हलवत होती. पण ऊन कललं होतं, आणि खाली उन्हाळी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पाण्यानं भरलेली. ओल्या जमिनीवरून हवा उठत नाही. परतताना बाकीचे नदी ओलांडण्याआधीच उतरले होते. दिव्यानीनं घिरट्या घालत मला फार वेळ धरून ठेवलं. शेवटी मांडवाशेजारच्या बांधीत मी पोटावर आपटलो. कोणीच घरी परतलं नाही, की त्या दिवसाचे सगळ्यांचेच गुण घटतात; पहिल्याला गाठण्याइतके ते उरले नाहीत. तिची निवड तिथंच गेली.

माझ्याखाली हिरवं धान आडवं झालं होतं. कोणाच्या भरल्या ताटात पाय पडावा, तसं मला झालं. वऱ्हाडी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर जमले. "दुसरी वरात आली वाटते बाप्पा," नथ्थू नावाचा एक म्हातारा म्हणाला, आणि सगळे हसले.

दिवस मावळता देवाजी मला न्यायला गाडी घेऊन आला. दिव्यानीकडे न बघता तो माझा पंख सोडवू लागला. "आज हवेनंच दगा देला बाई," तो पुटपुटला.

"असू द्या भाऊ. तुमी काय करान त्याले," ती म्हणाली. तिचे डोळे लाल होते, आणि तीच त्याला धीर देत होती. त्याचा हात माझ्या पंखावर थांबला.

तेवढ्यात नव्या लुगड्यातली मनकर्णा लाडवांचं ताट घेऊन आली. पहिला लाडू तिनं दिव्यानीच्या हातावर ठेवला. "मी म्हन्लंच होतं पाहुन्याइले, माहा भाऊ शब्दाचा पक्का आहे. मांडवावरून विमानं धाडतो म्हन्ला, धाडलेच. एक त दारातच आनून देलं."

दिव्यानीनं देवाजीकडे पाहिलं. तो मान खाली घालून चिखलाकडे बघत राहिला.

बोल रे देवाजी, मी मनात म्हणत होतो. तुझ्या हातांनी मी इतकी वर्षं उडलो. एवढा एक शब्द बोल.

तो पुन्हा माझा पंख सोडवू लागला. दिव्यानीनं लाडू ताटात परत ठेवला आणि ती धुऱ्याधुऱ्यानं निघून गेली.