बाकाच्या मधला दांडा

अहो, जरा टेका ना. मी बाक बोलतोय. मोठ्या दवाखान्याच्या फाटकासमोर, औषधांच्या दुकानाला लागून जो लाकडी बाक आहे ना, तोच मी.

माझा जन्म पालिकेच्या कारखान्यात झाला. सुताराने फळ्या तासल्या, लोहाराने पाय ठोकले आणि रंगाऱ्याने मला असा काही हिरवा रंग फासला की पहिल्याच दिवशी एका गृहस्थांची विजार मागून हिरवी झाली. ते पालिकेच्या नावाने बोटं मोडत गेले. मला मात्र आपण कोणाच्या तरी कामी आलो याचाच आनंद.

दवाखान्यासमोर बसणारी माणसं बागेतल्या माणसांसारखी नसतात. ती बसतात, लगेच उठतात, फाटकापर्यंत जाऊन परत येतात. फोनवर मोठ्याने म्हणतात, "काही काळजी करू नका, सगळं ठीक आहे," आणि फोन ठेवला की तोंडाला रुमाल लावतात. दुपारी डॉक्टरांची फेरी असली की सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढतात. मग जागरणाने डोळे तांबारलेला एखादा माझ्यावर आडवा होई आणि क्षणात घोरू लागे. त्यांचं ओझं मला कधीच जड वाटलं नाही.

औषधवाल्याला मात्र वाटायचं. तोही काही वाईट माणूस नव्हता. पण लोक त्याच्या पायरीवर चुळा भरत, उष्टंखरकटं टाकत, बादली घेऊन धुवायचं त्याला एकट्यालाच. "मी दुकान चालवू की धर्मशाळा?" असं म्हणत त्याने पालिकेत खेटे घातले. पालिकेने नळ दिला नाही, झाडूवाला दिला नाही. एक वेल्डर पाठवला. त्याने माझ्या बरोबर मधोमध वीतभर उंचीचा एक लोखंडी दांडा उभा केला आणि तो गेला. आता माझ्यावर बसता येत होतं, आडवं होता येत नव्हतं.

त्यानंतर काही वर्षांनी शहरात एक ठराव झाला. आपलं शहर सहृदय शहर होणार, पालिका प्रत्येक वस्तीत माणुसकी वाढवणार, असं तो ठराव म्हणत होता. मला कसं कळलं? त्याचा फलक माझ्याच पाठीला सुतळीने बांधला होता. फलकावर हसरे चेहरे आणि खाली माझा दांडा. औषधवाला गिऱ्हाइकांना तो दाखवून पोट धरून हसायचा.

त्याच सुमाराला दोन जावा येऊ लागल्या. थोरलीचा नवरा दवाखान्यात होता, हृदयाचं दुखणं. थोरलीची स्वतःची पाठ धरलेली, पण नवऱ्याजवळून हलायला तयार नाही. दुपारी बाहेर काढलं की धाकटी तिला हाताला धरून माझ्याकडे आणायची.

"जाऊबाई, तुम्ही जरा पाठ टेका. भाऊजींचं काही निघालं तर मी बघते."

"टेकू कुठे गं? या बाकाला मेल्यांनी कमरपट्टा घातलाय."

मग धाकटी फुटपाथवर चादर अंथरायची आणि थोरली माझ्या सावलीत जमिनीवर निजायची. जवळून बूट जात, सायकली जात. मी वर रिकामा आणि ती खाली. मला लाकडाचा असूनही लाज वाटे.

एके दुपारी ती अशीच पडलेली असताना महापौरबाई आल्या. गाडी लांब सोडून चालत. बरोबर एक अभियंता. ठराव झाला खरा, पण आपलं शहर नेमकं कुठे कुठे निष्ठुरपणे वागतं ते बघायला त्या निघाल्या होत्या. थोरलीला बघून थांबल्या.

"आजी, बाक रिकामा आहे की. जमिनीवर का निजलात?"

थोरली कोपरावर उठली. समोर कोण आहे याची तिला कल्पना नव्हती. "तुम्ही निजून बघा बाई, म्हणजे कळेल."

अभियंता घाईने पुढे झाला, "मॅडम, ते तक्रारीवरून…"

पण महापौरबाईंनी पर्स त्याच्या हातात दिली आणि त्या खरोखरच माझ्यावर आडव्या झाल्या. कडक इस्त्रीच्या कपड्यांसकट! दांडा बरगडीत रुतला. कूस बदलली, तर कमरेत रुतला. पाय पोटाशी घेतले, तर घसरल्याच. धाकटीने दंड धरून सावरलं. रस्त्यावर माणसं थबकली. कोणी हसलं नाही. बाई उठल्या, केस नीट केले आणि म्हणाल्या, "हे आम्ही केलंय?"

"तुम्ही कुठे, मी करायला लावलंय," औषधवाला दुकानातूनच ओरडला. "दांडा काढा खुशाल. पण माझी पायरी कोण धुणार? तुमचा ठराव?"

बाई त्याच्या पायरीपाशी गेल्या. मला वाटलं, आता त्याची खरडपट्टी निघणार. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. उद्या बैठकीला या. हे सगळं तिथे सांगा."

दुसऱ्या दिवशी तो गेला. परत आला तेव्हा एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "इतकी वर्षं मी पालिकेच्या काउंटरसमोर उभा राहून भांडलो. आज पहिल्यांदा खुर्ची देऊन विचारलं, तुम्हाला काय त्रास आहे म्हणून."

पण पालिका ती पालिकाच. आधी नळ आला, मग त्याला पाणी आलं, मग कोपऱ्यावर स्वच्छतागृह उभं राहिलं. सकाळी फुटपाथ धुवायला एक बाई येऊ लागली आणि ती दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्या दिवशीही आली, तेव्हा कुठे औषधवाल्याने बादली आत ठेवली. दांडा मात्र तसाच.

हे सगळं व्हायच्या आधीच थोरलीच्या नवऱ्याला घरी सोडलं. रिक्षा येईपर्यंत दोघं माझ्यावर टेकली, तो अलीकडे, ती पलीकडे. दांड्यावरून हात घालून तिने त्याचा हात धरला.

"बघा हो," ती म्हणाली, "उभ्या जन्मात आपल्या दोघांत कोणी आलं नाही, ते पालिकेने आणून बसवलं."

तो इतका हसला की धाकटी घाबरली, "भाऊजी, जपून!" रिक्षा आली, तिघं गेली. माझ्यावर एकदाही अंग न टाकता थोरली गेली, ही रुखरुख मला आहे.

नंतर एका सकाळी वेल्डर आला. त्याने दांडा कापला, घासला, तळहात फिरवून पाहिला आणि तो सामान आवरू लागला. तेवढ्यात औषधवाला बाहेर आला. त्यानेही माझ्यावरून बोट फिरवलं.

"इथे अजून टोचतंय," तो म्हणाला. "पुन्हा घास. दमलेलं माणूस आहे, झोपेत कूस बदलणार."

आता मी म्हातारा झालोय. एक फळी बदललीय, ती बाकीच्यांत जरा नवीन दिसते. शहरात माझ्यासारख्या कितीतरी बाकांचे दांडे निघाले, काहींचे अजून निघायचेत. सगळं शहर एकदम मऊ झालं असं मी म्हणणार नाही. पण महापौर बदलल्या तरी फुटपाथ धुणारी बाई अजून येते.

कधी इकडून गेलात आणि माझ्यावर कोणी झोपलेलं दिसलं, तर त्याला उठवू नका. त्याच्या पायांशी थोडी जागा असते, तिथे बसा. आणि फाटकातून त्याच्या माणसाचं नाव पुकारलं, तर तेवढं हलकेच हलवून सांगा.