एकेचाळीस माळा

समजा, बाळांनो, तुमच्या तळहातावर एक मणी आहे. वाटाण्याएवढा, पिवळा, एका बाजूने झिजलेला. आता तो उजेडाकडे धरा आणि भोकातून पलीकडे पाहा. जेद्दाच्या बलद या जुन्या पेठेतल्या दुकानाच्या उंबऱ्यात उभा राहून इब्राहीम नेमकं तेच करत होता. बऱ्याच वेळाने त्याने हात खाली घेतला.

“हा कुठल्या माळेतला?”

तल्हा हसला. तो कफीलचा, म्हणजे दुकानाच्या सौदी मालकाचा पुतण्या, कालच कामावर आलेला. दुकानात आता सौदी माणूसच बसणार, असा नियम आला होता. रत्नागिरीच्या इब्राहीमची इथली सत्तावीस वर्षं गुरुवारी संपणार होती.

“माळा सगळ्या सोडवल्या, अम्म इब्राहीम. बघा तरी!” अम्म म्हणजे काका.

फळीवर काचेच्या बरण्या ओळीने लावल्या होत्या. एकीत लाल मणी, एकीत निळे, एकीत पिवळे. शेजारी एकेचाळीस चिठ्ठ्या, नीट रबर लावून.

त्या माळा विकायच्या नव्हत्या. हजला आलेल्या आफ्रिकेतल्या बाया परतताना गळ्यातले मणी देऊन जात. इब्राहीमने ते कधी एकमेकांत मिसळले नाहीत. जिचे तिचे वेगळे ओवायचे, गाठ मारायची आणि खाली गाव नि मण्यांची गोष्ट लिहिलेली चिठ्ठी बांधायची. ‘कानो. आजीचे. नातवाला पहिला दात आला तेव्हा घातले.’

तीन अभ्यासक या दुकानात वेगवेगळे येत. पायरीवर बसणाऱ्या हव्वाखालाकडून शेंगदाण्याची पुडी घ्यायची आणि आत शिरायचं, ही तिघांचीही रीत. त्यांतल्या अहिल्याबाई आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मातीखालची गावं खणत. दुसरा काच तपासून ती कुठल्या भट्टीतली ते सांगे. तिसरा बायकांची गाणी उतरवून घेई. एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. इब्राहीमनेच चहा पाजून त्यांची ओळख करून दिली होती. “यांच्या गाण्यातला मणी तुमच्या खड्ड्यात निघालाय, बाई,” असं तो म्हणाला, तेव्हा सगळे हसले होते. परवा विद्यापीठात तिघं पहिल्यांदा एकत्र कामाला बसणार होते. माळांचे फोटो तिथेच निघायचे होते.

“छान दिसतंय ना?” तल्हाने विचारलं. “तुम्ही जायच्या आधी दाखवायचं होतं. पहाटेपासून करतोय.”

त्याच्या बोटांवर दोऱ्याचे वळ उमटले होते. इब्राहीमने ते पाहिले आणि तोंडाशी आलेलं गिळलं.

“माशाल्ला,” तो म्हणाला. “छान.”

फोन वाजला. अहिल्याबाई होत्या.

“इब्राहीमभाई, परवा नक्की ना? नुसते मणी माझ्याकडेही ढीगभर आहेत हो. पण कुणाचे, ते तेवढं तुमच्याकडेच.”

“हो बाई.”

फोन ठेवून तो खुर्ची असताना जमिनीवर बसला.

त्याची मुलगी मेहेक शाळेतून आली. दहा वर्षांची. दप्तर न उतरवताच तिने बरण्या पाहिल्या, चिठ्ठ्या पाहिल्या, अब्बाचा चेहरा पाहिला.

“अब्बा, मॅच करूया ना? मी हेल्प करते.”

“हजारो आहेत गं. माझ्या तोंडपाठ असतं तर चिठ्ठ्या कशाला लिहिल्या असत्या?”

“फिर किसको मालूम है?”

“ज्यांचे होते त्यांना. खलास.”

तल्हाचं हसू विरलं. काय बिघडलं ते त्याला कळेना. त्याने उगाच एक बरणी पुसली.

मेहेकने पिवळी बरणी काखेत मारली, चिठ्ठ्या मुठीत घेतल्या आणि बाहेर गेली. पायरीवर हव्वाखाला पुड्या बांधत बसली होती. तिची आजी आफ्रिकेतल्या कानोहून पायी हजला निघाली होती आणि मग इथेच राहिली. गल्लीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. पण ‘हा कुणाकडचा?’ असं विचारत तिला आजवर कुणी एक मणी दाखवला नव्हता.

मेहेकने शेंगदाण्यांची परात हळूच बाजूला सरकवली. हव्वाखालाच्या पुढ्यातल्या फडक्यावर बरणी उपडी केली. मग दप्तरातून पेन्सिल काढली आणि तिच्या तोंडाकडे बघत बसली.