गरम डब्याची साक्ष

घरातला टीव्ही चालू होता की नव्हता, हे कळायला गुरुपादप्पांना पडद्याकडे बघावं लागत नसे. बाहेरून आलं की चपला काढायच्या आणि सरळ जाऊन टीव्हीवर तळहात टेकवायचा, ही त्यांची जुनी सवय. मुलगा वीरण्णा दहावीला होता तेव्हा त्या जुन्या, पेटीएवढ्या टीव्हीच्या पाठीला हात लावून त्यांनी त्याला कितीदा तरी पकडलं होतं. पोरगा पुस्तकात डोकं खुपसून बसलेला असे आणि टीव्हीची पाठ मात्र तव्यासारखी तापलेली. "माझ्या हातापुढं खोटं चालत न्हाई," असं ते आडत बाजारात कौतुकानं सांगत.

आता तो टीव्ही गेला होता. भिंतीवर चपटा टीव्ही आला होता आणि त्याच्या खाली फळीवर सेट-टॉप बॉक्स. घरात त्याला सगळे डबा म्हणत. वीरण्णाचं लग्न झालं होतं, सून महानंदा घरात आली होती, तिची पोरगी अजून रांगायलाही लागली नव्हती. सगळं बदललं, गुरुपादप्पांचा हात तेवढा जुना राहिला.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. उदगीरच्या त्या गल्लीत नळाला पाणी येणं बंद झालं होतं आणि टँकर येई तो त्याच्या मर्जीनं. हॉर्न ऐकून जो पाइप घेऊन धावला, त्याची टाकी भरली. ज्याला उशीर झाला, त्यानं पुढच्या खेपेची वाट बघायची.

त्या दिवशी वीरण्णा कामावर होता, सासूबाई शरणम्मा मठात गेल्या होत्या आणि गुरुपादप्पा नव्या जिल्ह्याच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत होते. "लातूर आमचं ऐकूनच घेत न्हाई! म्हणून उदगीर जिल्हा झाला पाहिजे!" असं ते माईकवर म्हणाले, तेव्हा टाळ्या पडल्या.

दुपारी ते परतले तर गल्ली ओली होती. सगळ्यांचे ड्रम काठोकाठ भरलेले, त्यांच्या दारातला कोरडा. आत पोरगी पाळण्यात झोपली होती आणि महानंदा केस सावरत बाहेर येत होती. गुरुपादप्पांनी आधी डब्याला हात लावला. गरम! त्याचा तांबडा दिवा तेवढा लुकलुकत होता.

"टँकर येऊन गेला?"

"मामा, माझा डोळा लागला. रातभर पोरगी रडून राहिली होती. हॉर्न ऐकूच आला न्हाई."

"टीव्हीच्या आवाजात हॉर्न कसा ऐकू येईल?"

"टीव्ही न्हाई लावला मी."

"मग डबा काय उन्हानं तापला? माझी चाहूल लागली की दाबला रिमोट अन् झोपेचं सोंग! या हातानं तुझ्या नवऱ्याला पकडलंय, तू कोण?"

एवढ्यावर थांबले असते तरी बरं. पण ते ओट्यावर आले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "सिरियलपायी माझं घर तहानलं ठेवलं हिनं!"

पाइप गुंडाळणाऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या. कुणीतरी हसलं. समोरच्या रजियाबी दोन घागरी घेऊन आल्या आणि त्यांनी त्या महानंदाच्या हातात दिल्या. गुरुपादप्पा त्यातलंच पाणी प्याले.

महानंदानं वाद घातला नाही. पण तेव्हापासून ती बैठकीच्या खोलीत दिवसा पाऊल टाकीना. सकाळपासून पोरीला मांडीवर घेऊन ओट्यावर टँकरची वाट बघत बसायची. उन्हानं पोरीच्या अंगावर पुरळ उठलं, तरी उठायची नाही. येता-जाता कुणी 'सिरियलवाली' म्हटलं तर मान खाली घालायची. वीरण्णा हे बघत होता आणि गप्प होता.

आठवड्यानं महानंदाच्या माहेरी, जळकोटला लग्न होतं. घराला कुलूप लावून सगळे गेले. महानंदानं पोरीचे होते नव्हते तेवढे कपडे पिशवीत भरले होते. निघायच्या वेळी तिचे वडील संगप्पा हात जोडून म्हणाले, "पोरीला राहू द्या इथं थोडे दिवस." थोडे म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

संध्याकाळी तिघंच परतले. गुरुपादप्पांनी कुलूप उघडलं, चपला काढल्या आणि सवयीनं डब्यावर हात ठेवला.

डबा गरम होता.

ते दचकले. मागच्या दाराची कडी बघून आले. ती आतून लावलेली होती. खिडक्याही बंद होत्या.

"घरात कोण आलं होतं?"

"कोण येणार अप्पा? कुलूप तुम्हीच काढलं ना?" वीरण्णा म्हणाला.

"मग डबा गरम कसा?"

"तो असाच असतो. तांबडा दिवा म्हंजे बंद न्हाई. रिमोटची वाट बघत आतून जागाच असतो, करंट खात असतो. भिंतीवरचं बटण बंद केलं तरच थंड पडतो."

गुरुपादप्पांनी बटण बंद केलं. चहा होऊन, पिऊन झाल्यावर पुन्हा हात लावला. डबा गार होत आला होता. बटण चालू केलं, रिमोटला हातही लावला नाही. थोड्या वेळानं डबा पुन्हा ऊब धरू लागला.

काय करून बसलो आपण!

"तुला हे ठाऊक होतं?" त्यांनी मुलाला विचारलं.

"हाव."

"मग त्या दिवशी बोलला का न्हाईस?"

वीरण्णानं मान वर केली नाही. "तुमच्यापुढं बोलायची सवयच न्हाई अप्पा. बायकोसाठी तरी बोलायला पाहिजे होतं."

गुरुपादप्पा खाली बसले. "या डब्यानं फसवलं मला."

शरणम्मा इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "डब्याला कशाला नावं ठेवता? डबा बोलला का तुमच्याशी? बोलली ती. तिचं ऐकलं न्हाई अन् डब्याची साक्ष धरली."

"मला काय ठाऊक, तो बंद असून तापतो म्हणून?"

"अन् समजा, लावलाच असता तिनं टीव्ही, तर? रातभर लेकरू सांभाळलं, सकाळी भाकरी थापल्या, भांडी घासली, दुपारी घटकाभर बघितलं असतं तर काय गुन्हा झाला असता? तुम्ही दिवसभर मॅच बघता, तेव्हा कोण येऊन डब्याला हात लावतं?"

गुरुपादप्पांनी भिंतीवरचं बटण पुन्हा बंद केलं.

"सभेत ओरडता, लातूर आमचं ऐकून घेत न्हाई. अवो, घरात तुम्हीच लातूर झालात की!"

सकाळच्या पहिल्या एसटीनं ते जळकोटला गेले. संगप्पांच्या ओसरीवर, सगळ्यांच्या देखत त्यांनी सुनेची माफी मागितली. महानंदानं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "मामा, इथं माझ्यावर कुणी आळ घेतलाच न्हाई. घेतला तिथं, गल्लीत."

ती बरोबर आली. दुसऱ्या दिवशी टँकरचा हॉर्न वाजला, बाया ड्रमांशी जमल्या, आणि गुरुपादप्पा ओट्यावर उभे राहिले. "त्या दिवशी सुनेनं टीव्ही लावला नव्हता. मी खोटा आळ घेतला. चूक माझी हाय."

रजियाबी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अप्पा, उस दिन तो आवाज लई मोठा होता. आज बारीक येऊन राहिला. मागं कुणाला ऐकू न्हाई आलं."

बाया हसल्या. गुरुपादप्पांचे कान तापले. पण त्यांनी तेच शब्द पुन्हा, गल्लीच्या टोकापर्यंत जातील एवढ्या मोठ्यानं उच्चारले.

"मामा," महानंदा म्हणाली, "पाइप धरा. टँकर निघून जाईल."

त्यांनी पाइप धरला.

इथं सगळं मिटलं असं म्हणता आलं असतं. पण चार दिवसांनी गुरुपादप्पा दुपारी घरी आले तेव्हा बाहेरूनच सिरियलचा आवाज येत होता. ते दारात खाकरले. आत महानंदा पोरीला पाजत टीव्ही बघत होती. त्यांना बघताच तिचा हात झटकन रिमोटकडे गेला आणि पडदा काळा झाला.

"राहू दे, पोरी. बघ तू," ते म्हणाले.

"न्हाई मामा, संपतच आली होती."

ती संपली नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. गुरुपादप्पा परत चपला घालून ओट्यावर येऊन बसले. गल्लीसमोर मान खाली घातली तेव्हा वाटली नव्हती, एवढी लाज त्यांना आता वाटली. भीती त्यांनी घातली होती, आणि ती एका माफीनं जाणार नव्हती.

वाचकहो, टीव्ही, डबा, चार्जर भिंतीवरच्या बटणापाशी बंद करायची सवय आपण सर्वांनी लावून घ्यावी. उगाच जळणारी वीज वाचेल. पण त्याहून आधी ही दुसरी सवय मोडायला हवी. घरातल्या बाईनं दिवसभर काय केलं याचा पुरावा आपण वस्तूंना मागतो, आणि ती समोर उभी राहून सांगते ते मात्र ऐकत नाही. तिच्या विसाव्याचा हिशोब मागायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. आपण घरात शिरलो की कुणाचा हात घाईनं रिमोटकडे जातो का, ते आज प्रत्येकानं आपल्या घरी बघावं. जात असेल तर चूक त्या हाताची नाही, आपली आहे.