माया ठेवून शिवलेला कुर्ता

मित्रांनो, मी एक जुनी पायमशीन आहे आणि सध्या फार वैतागलेली आहे. आत्मवृत्तात आधी जन्म, मग उमेदीची वर्षं, मग म्हातारपण असं शिस्तीत सांगायचं असतं, हे मला ठाऊक आहे. सांगते. पण एकच आकाशी कुर्ता तीन दिवसांत चार वेळा शिवला आणि उसवला असता, तर तुमचाही पट्टा निसटला असता.

माझा जन्म लुधियान्याच्या एका कारखान्यातला. तिथून मी वर्ध्याला ललिताबाईंच्या घरी आले. त्यांनी मला बावीस वर्षं चालवलं आणि माझ्या जोरावर मुलाला शिकवलं. तो अभय खडकीच्या कारखान्यात नोकरीला लागला, तेव्हा ललिताबाईंबरोबर मीही टेम्पोत बसून पुण्याला, त्याच्या क्वार्टरमध्ये आले. वर्ध्याला मला सगळे 'ती मशीन' म्हणत. इथले शेजारी 'ते मशीन' म्हणू लागले. मी मनाला लावून घेतलं नाही, आणि त्यावरून कुणी बैठकही बोलावली नाही. तेल मला दोन्हीकडे तेवढंच लागलं.

पुढे अभयची बायको शर्मिला मला चालवू लागली. बाईचा हात असा, की गिऱ्हाईक पिंपरीहून ब्लाउज शिवायला यायचं. फक्त एक अट असे. मापाला म्हणून कुणी जुना ब्लाउज पुढे केला, की शर्मिला तो तसाच परत द्यायची. "ब्लाउज नको, बाई आणा," असं तोंडावर सांगायची. टेप लावल्याशिवाय तिने कापडाला कात्री लावलेली मी पाहिली नव्हती.

आता पूर्णिमाबद्दल. ती या दोघांचं एकुलतं एक लेकरू. जन्मली तेव्हा मुलगा झाला म्हणून पेढे वाटले होते. आपण मुलगी आहोत, हे तिने आठवीत असताना माझ्याशेजारी उभं राहून आईला सांगितलं. शर्मिलाचा पाय थांबला. ती खूप रडली. मग नाक पुसून तिने विचारलं, "नाव ठरवलंयस का काही?" त्या दिवशी मला या घराचा अभिमान वाटला. अजूनही वाटतो, नाही असं नाही.

पण मित्रांनो, एखाद्या माणसाला किती जपावं याला काही सुमार? पूर्णिमासमोर आपण चुकू, या धास्तीने अभयने बोलण्यातली क्रियापदंच टाकून दिली. "जेवलास" म्हटलं तर चूक, "जेवलीस" अजून जिभेवर नीट बसलेलं नाही, म्हणून तो विचारायचा, "जेवण झालं का?" "अभ्यास करणं चालू आहे का?" स्वतःच्या पोरीशी हा माणूस स्टेशनावरच्या घोषणेसारखा बोलत होता. हा सगळा प्रकार मी वर्षभर ऐकला.

यंदा अभय आणि शर्मिला शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटून आले. दहावीला पूर्णिमाने मुलींच्या गणवेशात यायचं ठरलं. आकाशी कुर्ता, पांढरी सलवार. शाळा सोमवारी उघडणार होती. गुरुवारी शर्मिलाने कापड काढलं, आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. शेजारच्या रुपालीचा कुर्ता मापाला घेतला.

कारण काय, तर टेप लावला तर पोरीला अवघडल्यासारखं होईल! बरं, शिवून झालेला कुर्ताही तिला घालून बघायला सांगेनात. पूर्णिमा पाणी प्यायला आली, की तिघंजण तिच्या पाठीकडे चोरून बघायची. मग आजी, म्हणजे ललिताबाई, म्हणायची, "खांदा जराक वाढव." अभय म्हणायचा, "घेर कमी व्हायला हवा." की उसवा. की पुन्हा शिवा. अहो, पोर चार पावलांवर उभी होती!

रविवारी दुपारी तिने कुर्ता अंगात घातला. खांद्यात अडकला. हात वर केला तर मुंढ्यापाशी टर्रकन उसवला. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"मी नाही जाणार उद्या. माझं अंगच चुकीचं आहे."

अभय घाईने म्हणाला, "जाणं नसेल तर नसू दे. घरी थांबणं होईल."

"बाबा, असं काय बोलता हो तुम्ही? चुकून 'आलास' म्हणालात तर मी सांगीन ना! पण माझ्याशी बोला तरी नीट!" मग ती आईकडे वळली. "हे माप कुणाचं आहे?"

"रुपालीचं," शर्मिला पुटपुटली.

"मग मला कसं होईल? माझं का नाही घेतलंस?"

ललिताबाई खाली मान घालून म्हणाल्या, "म्याच म्हटलं होतं तिले. वाटलं, पोरीले लाज वाटन."

"मला विचारलंत का कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. शर्मिला उठली. तिने गळ्यात टेप अडकवला आणि मापाच्या वहीत कोरं पान काढून वर 'पूर्णिमा' लिहिलं. खांदा, छाती, मुंढा, बाही, सगळं मोजलं. पूर्णिमा आधी अंग चोरून उभी होती, मग सरळ झाली. "खिसा?" शर्मिलाने सवयीने विचारलं. "दोन्हीकडे," पूर्णिमा म्हणाली.

शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात, त्याला आमच्याकडे माया म्हणतात. कपडा घट्ट झाला, तर ती सोडून सैल करता येतो. शर्मिलाने माया दोन-दोन बोटं ठेवली होती. ती सगळी सोडली, तेव्हा कुठे कुर्ता खांद्यावर बसला.

सोमवारी सकाळी पूर्णिमाने दप्तर उचललं. चेहरा घाबरलेलाच होता. जिन्यात पोचल्यावर तिने सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "येते मी!"

अभय गॅलरीत धावला. "ये गं! सुटलीस की फोन कर!"

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला जपायचं असेल, तर खुशाल जपा. पण त्या माणसाला समोर बोलवून एकदा विचारा. या घरात मायेला कधीच तोटा नव्हता, म्हणून निभावलं. तरी त्या कुर्त्याच्या खांद्यापाशी वाकून बघा. चार वेळा उसवल्याची बारीक भोकं तिथे ओळीने दिसतील. ती आता मलाही बुजवता येणार नाहीत.