वरची बाजू

काठीखाली काहीच नव्हतं. कोरडी माती, एक चपटा दगड आणि दगडावर नखांचे ओरखडे.

ती गुडघ्यांवर तशीच बसून राहिली. पाठीमागे चर खणणाऱ्या मशीनचा खडखडाट चालू होता. पाण्याची पाइपलाइन याच माळावरून जायची होती. सकाळी टेकडीच्या पायथ्याशी असलेला चर आता हाकेच्या अंतरावर आला होता. सरड्यांचा अभ्यास करण्यात तिची वर्षं गेली, पण यंदा या माळावर अंडी घालायला आलेली तिला एकच मादी दिसली होती. सरडी इथे माती उकरत होती, म्हणून तिने इथे काठी रोवली. पुढे आत दगड लागला नि सरडीने जागा सोडली, हे दुर्बिणीतून दिसलं नव्हतं.

मशीन थांबलं. चालवणाऱ्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तो तिचा धाकटा दीर.

"काय वहिनी, सापडली का बाळंतिणीची खोली?"

"ही नव्हे. अर्धवट खोदून सोडलीय तिने."

"म्हणजे तुमचीच बहीण शोभते! सतरा घरं बघायची, प्रत्येकाला नाकं मुरडायची."

"भाऊजी, चेष्टा पुरे. किती वेळ देता?"

"मी जन्मभर देईन हो, पण मुकादम..." एवढ्यात फोन वाजलाच. "हो साहेब. बकेटमध्ये दगड अडकलाय. काढतोय, काढतोय." त्याने फोन खिशात टाकला. "खोटं बोलायला लावलंत. आणि दगड काही दुपारभर अडकत नाही."

तिने आजूबाजूला पाहिलं. खरं बीळ बुजवल्यावर सरडी माती दाबते, वरून पाय फिरवून भुई सारखी करते. सगळा माळ तसाच सारखा दिसत होता. वाटेल तिथे फावडं मारावं, तर मशीनने फोडायची अंडी आपणच फोडायची.

सरडी थोड्या अंतरावर दगडावर बसून तिच्याकडे बघत होती. मघापासून बघत होती, अगदी निवांत. तिच्या मनात आलं, कोणी आपल्या घराचं दार फोडत असताना कोण असं बसेल?

ती उठली. दगडाच्या डावीकडून चालत गेली. सरडी ढिम्म. मागे वळून उजवीकडच्या वाळक्या झुडपाकडे निघाली, तशी सरडीची मान फुगली. आणखी दोन पावलं टाकली आणि सरडी जबडा वासून थेट तिच्या बुटावर धावून आली.

"अहो वहिनी, चावेल ना!"

"चावू दे. इथेच आहेत!"

फावडं टाकून तिने चमचा घेतला. वरची माती भाजत होती. हात कोपरापर्यंत गेला तशी ती गार लागली, मग किंचित दमट. अंड्याचं मऊ कवच याच ओलीतून पाणी पितं. चमच्याला काहीतरी पांढरं लागलं. आनंदाच्या भरात तिने ते उचललं, आणि मग चूक लक्षात आली.

सरड्याच्या अंड्यात गर्भ वरच्या बाजूला आतून चिकटतो. अंडं फिरलं, की तो आतल्या आत गुदमरू शकतो. म्हणून आधी वर पेन्सिलीचा ठिपका, मगच हात. तिने स्वतः कितीतरी जणांना हे शिकवलं होतं. पेन्सिल तिच्या कानावर तशीच होती.

ते अंडं तिने डब्यातल्या वाळूत वेगळं ठेवलं. उरलेल्यांना ठिपका, उचल, वाळूत. ठिपका, उचल. डोक्यावर ऊन आग ओतत होतं.

"भाऊजी, सावली!"

मशीनचा लांब हात वळला आणि बकेट येऊन तिच्या डोक्यावर थांबली. दातांमधून माती झरली. वरती फोन वाजत राहिला. दिराने तो घेतला नाही.

त्या सावलीत तिने मोबाइलचा दिवा पहिल्या अंड्याला लावला. अंडं न हलवता स्वतःच वाकून सगळीकडून बघितलं. पिवळा उजेड. बाजूला गर्भाचा गुलाबीसर डाग, त्यातून केसाएवढ्या रेषा. म्हणजे मघापासून ते आडवं पडलं होतं. तिने डागावर ठिपका दिला आणि तो हळूहळू वर आणला.

"जिवंत आहे?"

"माहीत नाही."

झुडपाच्या पलीकडे, चराच्या रेषेबाहेर, तिने तेवढाच खोल खड्डा केला, अंडी ठेवली, माती दाबली आणि तळहाताने भुई सारखी केली.

"वहिनी, हिला सांगा काहीतरी. माझ्याने व्हायचं नाही."

सरडी रिकाम्या खड्ड्यात अर्धी शिरून माती आत लोटत होती. तिने टोपी टाकून तिला धरलं. सरडीने बोटाचा चावा घेतला तो सोडेचना. तशीच लोंबकळत असताना तिला नव्या जागी नेलं, तेव्हा कुठे जबडा सुटला. खाली ठेवताच ती आल्या वाटेने पळाली.

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात," दीर पुटपुटला, "हिचं कुंपण भलतंच लांब." ती पोहोचायच्या आत त्याने बकेट खाली आणली. घास घेतल्यासारखी ती जागा गेली.

धुरळा बसला तेव्हा सरडी चराच्या काठावर उभी होती. मान फुगवून, जबडा वासून, मशीनकडे तोंड करून. तिची पाठ अंड्यांकडे होती.

रक्ताळलेलं बोट तोंडात धरून तिने काठी उचलली आणि नव्या जागेशेजारी रोवली.