बहात्तर ठोके

मी एक जुना आणि अतिशय भित्रा मनगटी पट्टा आहे. हसू नका मित्रांनो! माणसाच्या हृदयाचे ठोके मोजायचे आणि ते चुकले की ओरडायचं, हे माझं काम. ओरडणाऱ्याने भिऊ नये, असं कुठे लिहिलंय?

ताईने मला जेवणाच्या टेबलावर घडवलं. तिचे वडील खुर्चीत बसल्या बसल्या गेले, शेजारच्या खोलीत कुणाला पत्ताही लागला नाही. म्हणून तिने हा उद्योग मांडला. पण माझ्यासारखे हजार पट्टे करायचे तर भांडवल हवं. ती मला घेऊन थंडगार कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिली. कौतुक सगळ्यांनी केलं, पैसा कुणी दिला नाही.

शेवटची एक बैठक उरली होती आणि नेमकी त्याच सकाळी माझ्या आतली तार सुटली. ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

तिचा भागीदार म्हणाला, "अगं, रडतेस काय? तुझेच कालचे ठोके भरून ठेवतो यात. कुणीही बांधला तरी बहात्तरच दाखवेल. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे!"

"आणि कळलं तर?"

"खरं बोलून आजवर काय मिळालं?"

ताईने मला त्याच्या हातात दिलं.

पैसेवाल्या बाईंनी मला हाताला बांधलं. बहात्तर. बाई खूश! म्हणाल्या, "माझे बाबा घरी असतात. आठवडाभर हा त्यांच्या हाताला राहू दे. मग सही करते." माझी तर पाचावर धारण बसली. ताई आता नाही म्हणेल, मग म्हणेल, अशी मी वाट पाहिली. तिने मान डोलावली.

आजोबा मोठे चेष्टेखोर. "काय रे घड्याळ्या, माझे किती वाजले?" मी म्हणायचो, बहात्तर. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या कातडीखाली काहीतरी अडखळू लागलं. थांबायचं, पुन्हा धावत सुटायचं. मला सगळं जाणवत होतं, पण ओरडता येईना.

"बाबा, एवढा घाम का आलाय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही गं. हा बघ, बहात्तर!"

आणि बाई निर्धास्त होऊन आत गेल्या! मित्रांनो, त्या क्षणाइतका मी कधीच घाबरलो नाही.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. दारात ताई, धापा टाकत. "बाई, तो पट्टा काढा! खोटं दाखवतोय तो. ते ठोके माझे आहेत."

बाईंनी मला ओरबाडून फेकलं आणि वडिलांची नाडी बोटांनी धरली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग आरडाओरडा, गाडी, दवाखाना. मी जमिनीवर पडून बहात्तर दाखवत राहिलो.

पाचव्या दिवशी मी पाकिटातून परत आलो. सोबत एक चिठ्ठी होती. "बाबा घरी आले. पैसे मिळणार नाहीत." ताई ती छातीशी धरून हमसून हमसून रडली. मग उठून तिने माझी तार जोडली.

आता मी खरं बोलतो. तरी कुणाच्या मनगटावर चढताना मला धास्ती वाटतेच. म्हणून एवढं ऐका. मी बिघडलो तर बिघडलो म्हणू द्या. आणि आपल्या माणसाला दरदरून घाम फुटला, तर माझ्याकडे नका बघू. त्याच्याकडे बघा.